सतराव्या पानावरचा ताप

१

फाइल नव्हती.

मयूरीनं फोनची काच ओढणीनं पुसली, जणू दोष तिथल्या धुळीचाच होता, आणि पुन्हा बोट दाबलं. पुन्हा तेच. ‘हे खाते अस्तित्वात नाही.’ चार महिने खपून लिहिलेला बेचाळीस पानांचा अहवाल त्या खात्यात होता. पाचवीच्या मुलांच्या वाचनाच्या नोंदी त्यात होत्या, पहिल्या ओळीपासूनचा सगळा खटाटोपही. खातंच नाही म्हटल्यावर शोधायचं कुठं?

फोनवर सांगलीहून आलेलं पत्र उघडंच होतं. शिक्षकांच्या जिल्हा स्पर्धेची यादी. निवड झाली होती ‘वाचनाचा आरसा’ या उपक्रमाची. उपक्रम तिचा, नाव तिनंच दिलेलं, पण समोर लिहिलं होतं : वीरधवल मोहिते, शिरसवाडी विद्यालय. आणि तळाशी, बाद प्रवेशिकांत : सौ. मयूरी घोरपडे, त्याच शाळेच्या. शेरा एका ओळीचा. ‘सहकाऱ्याच्या लेखनाची नक्कल.’

“आगं, दूध उतू चाललंय,” सासू शालूबाई शेगडीपासून ओरडल्या. मग सुनेचा चेहरा बघून गॅस त्यांनीच बंद केला. “काय झालं?”

“आत्या, मला चोर ठरवलंय.”

मयूरी वाईची. लग्न होऊन कडेगावजवळच्या या शिरसवाडीत आली, नवरा पृथ्वीराज फौजेत, राजस्थानात. घरी तीन वर्षांची आर्वी. शाळेत ती तासिका तत्त्वावर संगणक शिकवायची, ती नेमणूक ऑक्टोबरअखेर संपली होती. पुन्हा घ्यायचं की नाही, ते ठरायचं होतं. नक्कल केल्याचा शेरा कपाळावर घेऊन तिला आता ही शाळा तर सोडाच, खानापूर-कडेगावात कुणी दारात उभं करणार नव्हतं.

ती भित्री होती, हे ती स्वतःच सांगायची. लेकीच्या काळजीनं तिचं डोकं सतत पोखरलेलं. हाताला लागेल त्या कागदावर ती टिपून ठेवायची. विजेच्या बिलावर लस कधी ते, लग्नपत्रिकेवर खोकला किती वाजता ते. शालूबाई म्हणायच्या, “हिला कोरा कागद दावू नगा, पोरीचा दवाखाना मांडील.”

पण त्या सोमवारी तिला भीती वाटली नाही.

“कोण हाय त्यो?” शालूबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. पण शनिवारच्या आत शोधणार. आणि आत्या, गुपचूप मिटवणार नाही. चारचौघांत उघडं पाडणार.”

“पाड,” शालूबाई म्हणाल्या. “पोरीला मी बघते.”

२

मुख्याध्यापक उदयसिंह पवारांनी खुर्ची दाखवली, चहा मागवला नाही. तेवढ्यावरून वारा कुठला ते कळलं.

“मॅडम, मी काय करू सांगा. वीरधवलची फाइल बारा सप्टेंबरची. तुमची छापील प्रत पोचली पंधरा ऑक्टोबरला. तुमच्या फाइलचा दुवा परीक्षकांनी उघडला तर खातंच गायब. आता संगणक खोटं बोलतो काय?”

“संगणक नाही बोलत सर.”

“मग? त्यांनी तर ते तुमचंच लावून बघितलं, ते रंगाचं. चिकटवलेला मजकूर शून्य! सगळं हातानं टाइप केलेलं.”

‘ते रंगाचं’ म्हणजे काय, हे शाळेला मयूरीनंच शिकवलं होतं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये यंदा शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच नव्या सोयी आल्या होत्या. मूल मोठ्यानं वाचतं, संगणक ऐकतो आणि कुठं अडखळलं ते दाखवतो. तिचा उपक्रम त्यावरच उभा होता. दुसरी सोय अशी की कुणी दुसरीकडचा मजकूर उचलून चिकटवला तर तेवढा भाग रंगीत दिसतो. जुलैत तिनं सगळ्या स्टाफला तीन दिवस हे शिकवलं. उदयसिंह सरांना डुलकी लागली होती, वीरधवल फोनवर क्रिकेट बघत होता, आणि एकट्या मराठीच्या सुहासिनीबाई पहिल्या बाकावर बसून वहीत पायरीपायरीनं उतरवून घेत होत्या.

शेवटच्या दिवशी नमुन्याला म्हणून मयूरीनं समोर आलेली पहिलीच फाइल पडद्यावर उघडली. निघाला सुहासिनीबाईंचा वार्षिक अहवाल. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रंगलेला, अगदी गेल्या वर्षीच्या पावसासकट. “बाई, एवढा रंग रंगपंचमीला नसतो!” सर म्हणाले आणि स्टाफरूम फुटली. बाईसुद्धा हसल्या होत्या. सुटीत त्यांनीच मयूरीच्या पाठीवर थाप मारली, “छान शिकवतेस हो.”

“सर, माझं खातं कुणी काढलं?”

“मला विचारता? त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मुख्य खात्याचा पासवर्ड त्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय, तुमच्याच अक्षरात. विसरतो म्हणून. शाळेतला कुणीही बघू शकतो.”

“खातं एकदा काढलं तर महिनाभर परत आणता येतं सर. मी सकाळी सांगलीच्या मदतकेंद्राला विचारलं. ते दोनदा काढलंय. दुसऱ्यांदा, कायमचं.”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली.

पण उठता उठता तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. दोनदा काढायची युक्ती तिनं जुलैत एकदाच, तोंडी सांगितली होती. चोर कोणीही असो, त्यानं त्या दिवशी डुलकी घेतली नव्हती.

“शनिवारी सांगलीला अंतिम सादरीकरण आहे,” सर मागून म्हणाले. “पाच मिनिटं तुम्हाला देतो म्हणालेत हरकत मांडायला. लेखी खुलासा आणा. आणि मॅडम, वीरधवल संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आहे. जरा दमानं.”

३

वीरधवल मैदानाच्या कडेला बुलेटवर बसून शेंगा खात होता.

“या मॅडम. शेंगा घ्या. राग थंड होतो.”

“सर, सप्टेंबरात माझी छापील प्रत तुमच्याकडं होती.”

“होती की. आठ तारखेला सोमवारी तुमी मुख्याध्यापकांना दिली सहीला. मंगळवारी त्यांनी मला दिली, बुधवारी मी तुमाला परत केली. दोन पानं वाचली, झोप आली.” त्यानं टरफल उडवलं. “माझं लिखाण त्याच्या आधीपासूनच चालू हुतं. विचार जुळतात माणसांचे.”

“बेचाळीस पानं जुळतात?”

“जुळली. नशीब.”

“मग सांगा, अडखळणाऱ्या शब्दांची यादी मी कितव्या दिवशी बदलते? तुमच्या अहवालात आहे.”

वीरधवलचा हात शेंगांच्या पिशवीत थांबला. “शनिवारी सांगीन परीक्षकांना,” तो म्हणाला आणि बुलेटला किक मारली. दोन किका वाया गेल्या.

त्यानं तो अहवाल वाचलासुद्धा नव्हता. मयूरीला बरं वाटायला हवं होतं, पण घोळ वाढलाच. न वाचणारा माणूस बेचाळीस पानं हातानं टाइप करील? चिकटवलं तर रंग दिसतो, म्हणून कुणीतरी अक्षर न अक्षर नव्यानं टाइप केलं होतं. ते काम वीरधवलचं नव्हे. त्याला चार ओळींचा रजेचा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागायचा.

निवडलेल्या प्रवेशिका वाचायला सगळ्यांना खुल्या होत्या. दुपारी आर्वीला मांडीवर निजवून मयूरीनं फोनवर त्याची फाइल पान पान पाहिली. तिचीच वाक्यं, परक्या घरात बांधलेल्या आपल्या गाईसारखी बघत होती. आणि एकतिसाव्या पानावर तिला काहीतरी खटकलं. तीन ओळी समासापर्यंत न जाता मध्येच तुटल्या होत्या. वाक्य संपलेलं नाही, परिच्छेद संपलेला नाही, आणि तरी ओळ मोडून पुढची सुरू.

तिच्या अहवालात तसं नव्हतं. मग कुणाच्या हाताला ही खोड होती?

४

बुधवारी संध्याकाळी सुहासिनीबाई घरी आल्या, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलेल्या, इस्तरीची सुती साडी, आवाज मऊ.

“जेवलीस का गं? डोळे बघ कसे खोल गेलेत.” त्यांनी आर्वीला वडी दिली. “सोडून दे मयूरी. लहान लेकरू आहे तुला. अध्यक्षांच्या घराशी वैर घेऊन कुठं जाणार?”

“सोडायला मला काय झालंय?” असं मयूरी बोलणार, तोच कोपऱ्यातून शालूबाई म्हणाल्या, “आवं बाई, चोराला सोडलं तर त्यो उद्या भाकरीची टोपली न्हेईल.”

“तसं नाही हो. पण प्रत आधी त्या वीरधवलच्याच हातात गेली ना? उघड आहे सगळं. दाखवायचं कसं, एवढंच.”

“बाई, नंतर ती तुमच्याकडं होती. शुद्धलेखन तपासायला.”

“होती की. गुरुवारी दुपारी तू दिलीस, सोमवारी मी तुला परत केली. घरीच होती माझ्या, देवघराच्या कपाटात. माझ्याकडून कुणी नेली असं म्हणत असशील तर नाही हो. गेली ती आधीच गेली.”

“तेवढं एका कागदावर लिहून द्याल? खुलाशाला जोडते. म्हणजे वीरधवल सरच उरतील.”

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पर्समधून शाईचं पेन काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं : ‘दि. ११ ते १५ सप्टेंबर या काळात सौ. घोरपडे यांच्या अहवालाची एकमेव छापील प्रत केवळ माझ्या घरी, माझ्या ताब्यात होती. ती अन्य कोणाच्याही हाती गेलेली नाही.’ खाली सही, तारीख.

“तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन,” त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर शालूबाईंनी वडी हुंगली, खाल्ली नाही. “लय ग्वाड बोलती ही.”

“चांगल्या आहेत हो आत्या.”

“असतील. पण बसल्यापास्नं एकदाबी ‘त्या मेल्याचं वाटोळं हो’ म्हणाली न्हाई. आपल्या माणसाचं लुटलं तर आधी शिवी येती तोंडात.”

५

गुरुवारी मयूरी अनुभवाच्या दाखल्याचं निमित्त करून शाळेच्या कार्यालयात गेली. लेखनिक विष्णुपंत निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सर त्यांना बोलावून घ्यायचे. पंचक्रोशीत तसा टाइप करणारा नव्हता.

“बस. देतो लगेच.” पंतांनी मसुदा डावीकडे उभा केला आणि डोळे त्यावरच ठेवून बोटं चालवायला सुरुवात केली. की-बोर्डकडे नजर नाही, पडद्याकडे नाही. ओळ संपत आली की त्यांचा डावा हात आपसूक वर उठायचा, हवेत काहीतरी उजवीकडे ढकलायचा आणि खाली येताच उजव्या हाताच्या करंगळीनं एंटर बसायची. खाड. पुढची ओळ. पुन्हा तेच.

मयूरीला एकतिसाव्या पानावरच्या तुटलेल्या ओळी आठवल्या.

“काका, तुम्ही प्रत्येक ओळीला एंटर मारता?”

“मग? ओळ संपली तर रूळ परत नको आणायला?” ते हसले. “चाळीस वर्षं टाइपरायटरचं मशीन बडवलं. घंटी अजून कानात वाजते. नंतर तुमची पोरं ते एंटर काढत बसतात, माहितेय मला.”

“सप्टेंबरात तुम्ही वाचनाचा अहवाल टाइप केलात का? बेचाळीस पानं?”

“केला असेन. कागद टेबलावर असतो, वर चिठ्ठी असते, ‘टंकलिखित करणे’. कुणाचा, कशाचा, विचारायचं नाही. मजकूर वाचला की चूक होते.” पंतांनी बोट वर केलं. “पण समोरच्या कागदावर जे आहे ते सगळं उतरणार. चाळीस वर्षांत एक अक्षर गाळलेलं नाही. एकदा साहेबांनी कडेला धोब्याचा हिशेब लिहिलेला, तोसुद्धा ठरावात घेतला होता.”

जे आहे ते सगळं.

मयूरीनं खुर्ची संगणकाकडं ओढली. “काका, ती फाइल उघडून बघू?”

“बघ की. इथंच असेल, कार्यालयाच्या खात्यात.”

दिवाळीनंतर सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय आली होती. फाइल कशी कशी लिहिली गेली त्याची चित्रफीत मागं नेऊन बघता यायची. टाइप केलेलं, खोडलेलं, सगळं. परीक्षकांनी फक्त रंगाचा निकाल पाहिला होता. अकरा तासांचं टाइपिंग बघत बसायला वेळ होता कुणाला?

तिनं ती चालवली. ओळ, एंटर. ओळ, एंटर. कुठं थांबणं नाही, कुठं विचार नाही, एकही वाक्य बदललेलं नाही. पान पंधरा. पान सोळा. पान सतरा, वाचनाच्या वेगाचा तक्ता, आणि तक्त्याच्या खाली, कुणालाही न विचारता, एक ओळ उमटली.

‘आर्वी ताप १०२. डोस ४ वा. ५ मिली. आत्यांना फोन करणे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी ती ओळ पुसून टाकली होती. पण मागं नेली की ती परत येत होती.

६

ती घरी पळतच आली. आर्वी पडवीत रंगखडू घेऊन पालथी पडली होती, खाली पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा.

“आत्या, हिला चित्रं काढायला दिलेले कागद कुठले?”

“तूच दिलेले. दिवाळीच्या आधी, एका अंगाला छापलेले. थोडे मी डब्याच्या तळाशी घातले.”

मयूरीनं ज्वारीचा डबा पालथा केला. मग पडवीतला गठ्ठा. एका पानावर आर्वीनं लांबच लांब हातांची बाई काढली होती. तिनं ते उलटलं. पान सतरा. सुहासिनीबाईंच्या लाल शाईच्या खुणा, आणि खाली निळ्या पेनानं तिचं स्वतःचं टिपण.

तिनं दवाखान्याची फाइल काढली. लेकीच्या तापाची प्रत्येक चिठ्ठी त्यात तारखेनं लावलेली. ताप १०२ : गुरुवार, ११ सप्टेंबर. त्याच्या आधी पोर धडधाकट होती. मयूरीला आठवलं. त्या दिवशी मधल्या सुटीत शालूबाईंचा फोन आला, हातात तोच गठ्ठा होता, घाईत जे पान उघडं होतं त्यावर लिहिलं. तासाभरात बाई आल्या, “दे, तपासून ठेवते”, आणि घेऊन गेल्या.

सरांकडे प्रत होती सोमवारी. वीरधवलकडे मंगळवारी, बुधवारपर्यंत. तेव्हा त्या कागदावर ताप नव्हता. शुक्रवारी विष्णुपंतांनी टाइप केला तेव्हा होता. आणि गुरुवार दुपार ते सोमवार कागद कुणाच्या देवघराच्या कपाटात होता, ते तर शाईच्या पेनानं लिहून सही केलेलं तिच्याकडे होतं.

ती खाली बसली. वीरधवल निघाला असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर चिडणं सोपं होतं.

“कोण?” शालूबाईंनी विचारलं.

“वड्यावाली.”

शालूबाई उठल्या आणि वड्यांचा डबा तसाच गुरांच्या गव्हाणीत रिकामा केला.

रात्रीच्या जेवणाआधी सरांचा फोन आला. पंतांनी सांगितलं असावं. “मॅडम, काय सापडलंय ते उद्या केबिनमध्ये दाखवा. आपापसात मिटवू. शाळेची अब्रू आहे.”

“सर, माझ्या अब्रूचा शेरा सांगलीच्या यादीत छापून आलाय. मिटवायचं तिथंच.”

७

सांगलीच्या त्या सभागृहात शनिवारी दोनशे शिक्षक होते. वीरधवलनं सादरीकरण वाचून दाखवलं, बरं वाचलं. सुहासिनीबाई पहिल्या रांगेत होत्या.

“हरकत मांडा,” परीक्षक संयोगिता देसाई म्हणाल्या. “पाच मिनिटं.”

“मला बोलायचं नाही मॅडम. तुमच्याकडं आलेलीच मोहिते सरांची फाइल उघडा, आणि पान सतरा कसं लिहिलं गेलं ते दाखवा. वेग सगळ्यात कमी ठेवा.”

वेग जास्त ठेवता आला असता. तिनं मुद्दाम कमी मागितला.

मोठ्या पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटू लागली. ओळ, एंटर. ओळ, एंटर. तक्ता. आणि मग, कोवळ्या पोराच्या पावलानं चालावी तशी, ती ओळ. आ. र्वी. ता. प.

सभागृहात कुजबूज झाली. देसाई मॅडमनी चष्मा वर केला. “मोहिते सर, ही आर्वी कोण?”

“ती... विद्यार्थिनी आहे.”

“पाचवीतली?”

“हो.”

“तिला औषध तुम्ही पाजता? आणि आत्यांना फोन पण तुम्हीच करता?”

मागून कुणीतरी फिस्स केलं, आणि मग सभागृह फुटलं. दोनशे माणसं हसत होती. वीरधवल लालबुंद झाला. “मला काय माहीत! फाइल मला बाईंनी दिली तयार! सुहासिनीबाईंनी! म्हणाल्या, तुझं नाव होईल, अध्यक्ष काकांना सांग माझं काम करायला!”

हसू थांबलं.

“खोटं आहे,” सुहासिनीबाई उभ्या राहिल्या. आवाज अजून मऊ. “कागद स्टाफरूममध्ये पडलेले असायचे. कुणीही—”

मयूरीनं पर्समधून कागद एकेक काढून टेबलावर ठेवले. पान सतरा, पाठीवर लांब हातांच्या बाईसकट. दवाखान्याची चिठ्ठी, गुरुवार अकरा. आणि शाईच्या पेनानं लिहिलेलं ते निवेदन.

“हे अक्षर कुणाचं, बाई? तुम्हीच वाचा. तुमचं वाचन चांगलं आहे.”

बाईंनी वाचलं नाही. देसाई मॅडमनी वाचलं, मोठ्यानं, ‘केवळ माझ्या घरी, माझ्या ताब्यात’. मयूरी पुढं म्हणाली, “मजकूर चिकटवला तर रंग दिसतो, आणि खातं दोनदा काढलं की परत येत नाही. हे दोन्ही धडे आमच्या शाळेत एकाच वहीत उतरवलेले आहेत. पुसलेली ओळ परत दिसते, हा धडा दिवाळीनंतर आला. तो त्या वहीत नव्हता.”

पडद्यावर त्या एका पानाची चित्रफीत चालूच होती. कुणाच्या लक्षात नव्हतं. तिच्यात तेरा सप्टेंबरची, शनिवारची दुपार आली, आणि दोनशे माणसांच्या देखत आर्वीचा ताप शेवटाकडून एकेक अक्षरानं पुसला जाऊ लागला. कुणी हसलं नाही. पोरं असलेल्या बायका तिथं बऱ्याच होत्या. एकीच्या तोंडून शिवी निघाली, चांगली ठसठशीत. शालूबाई असत्या तर त्यांना समाधान वाटलं असतं.

८

यादी तिथंच दुरुस्त झाली. उपक्रमापुढं मयूरीचं नाव आलं, शेरा काढला गेला, चौकशी दुसऱ्यांवर बसली. उदयसिंह सर घाम पुसत म्हणाले, “सोमवारपासून या मॅडम, नेमणुकीचं मी बघतो.” पंतांचा निरोप होता, दाखला तयार आहे, एक अक्षर गाळलेलं नाही.

जिन्याजवळ सुहासिनीबाई एकट्या उभ्या होत्या. साडीची इस्तरी अजून मोडली नव्हती.

“का, बाई? माझं काय वाकडं होतं तुमच्याशी?”

“एक मिनिट चाळीस सेकंद,” बाई म्हणाल्या. “स्टाफरूमच्या घड्याळात बघत होते मी. तेवढा वेळ हसत होतात तुम्ही सगळे. अठ्ठावीस वर्षं त्या पोरांना लिहायला शिकवलं, दरसाल तोच अहवाल मागणाऱ्यांना एकदा तोच दिला, तर माझा तमाशा केलास. दुसरी फाइल उघडता आली असती. बंद करता आली असती. तू चालू ठेवलीस. आणि सगळ्यांत शेवटी हसायची थांबलीस ती तू.”

मयूरीला आठवलं. खरं होतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती ती, आणि फाइल बंद करायला बोट गेलं होतं ते परत घेतलं होतं.

“त्या दिवसाची माफी मागते, बाई,” ती म्हणाली. “मनापासून.”

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. त्यांनी हात पुढं केला.

मयूरीनं तो घेतला नाही. “आजच्या दिवसाची मागणार नाही. माझ्या लेकीचा ताप तुम्ही वाचला होतात. सतराव्या पानावर, तुमच्या लाल शाईच्या शेजारी. शुद्धलेखन तपासलंत त्याचं. आणि मग चार दिवसांत एकदा विचारलं नाहीत, पोरगी कशी आहे म्हणून.”

बाईंचा हात तसाच राहिला.

एसटी विट्याच्या पुढं आली तेव्हा फोन वाजला.

“झालं?” शालूबाई.

“झालं आत्या.”

“हसली का माणसं?”

“हसली.”

“किती?”

मयूरीनं खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या फडांवरून ऊन उतरत होतं. तिनं घड्याळ बघितलं होतं. सभागृहाच्या भिंतीवरचं, पहिल्या फिस्सपासून.

“दोन मिनिटं दहा सेकंद,” ती म्हणाली.

पलीकडं शालूबाई समाधानानं हसल्या. मयूरीनं मांडीवरचं पान सतरा उलटं केलं आणि त्या लांब हातांच्या बाईकडे बघत बसली. आर्वीनं बाईला दात काढले होते. इतके दिवस ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.